कालव्याचे पाणी आणि पिकाची तहान

कला शाखेच्या वार्षिकांकात पाटपाण्यावर लेख पाहून काही वाचकांच्या भुवया उंचावतील. कथा-कवितांच्या आणि सहलीच्या वर्णनांच्या शेजारी वितरिका, विमोचक, क्युसेक हे शब्द शोभत नाहीत, हे मलाही मान्य आहे. परंतु आपल्या महाविद्यालयात जे विद्यार्थी खेड्यांतून येतात, त्यांच्यापैकी पुष्कळांची फी पाटाच्या पाण्यावर भरली जाते. आणि ज्यांच्या घरी एखाद्या हंगामात पाणी पोचत नाही, त्यांची नावे दुसऱ्या सत्रात हजेरीपटावरून हळूहळू कमी होतात. तेव्हा हा विषय केवळ अभियंत्यांचा म्हणून बाजूला सारण्याइतका आपल्याला परका नाही. मी भूगोलाचा विद्यार्थी आहे. सिंचनाच्या व्याख्या मी परीक्षेसाठी पाठ केल्या होत्या. त्या व्याख्यांचा बांधावर काय अर्थ होतो, हे पाहण्यासाठी गेल्या रब्बीत मी आमच्याच वितरिकेवर मुखापासून शेपटीपर्यंत सायकलवरून हिंडलो. त्यातून जे उमगले ते येथे मांडीत आहे.

आमचे गाव एका मोठ्या कालव्याच्या एका लांब वितरिकेच्या अगदी शेपटीला आहे, एवढे आधीच सांगून ठेवतो. म्हणजे लेखात कोठे कटुता डोकावली तर वाचकांना तिचे कारण कळेल.

धरणापासून वाफ्यापर्यंत

कालवा म्हणजे पाणी वाहून नेणारा साधा चर नव्हे. धरणाच्या पायथ्याशी निघालेला मुख्य कालवा डोंगराच्या कुशीने, जवळजवळ समपातळी रेषेला धरून, अत्यंत अल्प उताराने पुढे सरकत राहतो. नदी खाली उतरत जाते, कालवा मात्र वरच राहतो. त्यामुळे कालवा आणि नदी यांच्यामधली जमीन कालव्यापेक्षा खोल राहते आणि तिला पाणी आपोआप उताराने मिळते. हेच लाभक्षेत्र. कालव्याच्या वरच्या अंगाला असलेल्या शेताला, ते कालव्याला अगदी खेटून असले तरी, प्रवाही पाणी मिळत नाही. नदीच्या प्रवाहाच्या दिशेने तोंड करून उभे राहिले असता जो हात ज्या बाजूला, त्यावरून कालवा डावा की उजवा हे ठरते.

मुख्य कालव्याच्या शाखा होतात, शाखेच्या वितरिका, वितरिकेच्या लघुवितरिका, आणि लघुवितरिकेवर ठिकठिकाणी विमोचके म्हणजे लोखंडी दारे असतात. विमोचकापर्यंत शासनाची हद्द; तेथून पुढची शेतचारी, पाट, दंड आणि वाफा शेतकऱ्याचा. पाण्याची खरी भांडणे या हद्दीच्या अलीकडे-पलीकडेच होतात. वर कार्यकारी अभियंता असला तरी शेतकऱ्याच्या दृष्टीने पाटबंधारे खाते (आता त्याला जलसंपदा विभाग म्हणतात) म्हणजे कालवा निरीक्षक, मोजणीदार आणि पाटकरी ही तीन माणसे.

मोजमापाची दोन-तीन परिमाणे लक्षात ठेवली की पुढचे सारे सोपे जाते. एका सेकंदाला एक घनफूट पाणी वाहत असेल तर त्याला एक क्युसेक म्हणतात. म्हणजे सेकंदाला सुमारे २८.३ लिटर. असा एक क्युसेकचा प्रवाह तासभर एका एकरात सोडला तर शेतात सुमारे एक इंच उंचीचे पाणी उभे राहील. हा मेळ इतका सोयीचा आहे की जुने मोजणीदार तोंडी हिशेब याच्यावरच करीत. धरणाचा साठा दशलक्ष घनमीटरमध्ये, म्हणजे वर्तमानपत्रातल्या 'दलघमी'मध्ये, मोजतात. एक टीएमसी म्हणजे सुमारे २८.३ दलघमी.

आता एक दलघमी पाणी शेतापर्यंत सुखरूप पोचले असे धरू आणि त्यात काय पिकते ते पाहू. रब्बी ज्वारीला दोन पाण्यांचा आधार द्यायचा म्हणजे साधारण १५ सेंटिमीटर उंचीचे पाणी. त्या हिशेबाने सहाशे-साडेसहाशे हेक्टर ज्वारी निघते. गव्हाला ४५ सेंटिमीटर धरले तर सव्वादोनशे हेक्टरांच्या आसपास. उसाला, मोकाट पद्धतीने, अडीच मीटर. म्हणजे अवघे चाळीस हेक्टर. पाठ्यपुस्तकात 'डेल्टा' म्हणून जी संज्ञा येते, ती म्हणजे हीच उंची, आणि ठरावीक प्रवाहात किती क्षेत्र भिजते ती 'ड्यूटी'. महाराष्ट्रात पिकांखालच्या एकूण क्षेत्रापैकी उसाखाली फार थोडे क्षेत्र असूनही सिंचनाच्या पाण्यातला निम्म्याहून अधिक वाटा तो का खातो, याचे उत्तर या तीन आकड्यांत आहे. उसाला शिव्या देणे सोपे आहे. परंतु उसाला कारखान्याच्या रूपाने ठरलेले गिऱ्हाईक आहे आणि ज्वारीला ते नाही, हेही अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी विसरू नये.

अर्थात पाणी सुखरूप पोचत नाही. मातीच्या, अस्तर नसलेल्या कालव्यात वाटेवरच चौथ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत पाणी मुरते, झिरपते, थोडे वाफ होऊन जाते. त्यातले सगळेच वाया जाते असे मात्र म्हणता येणार नाही. मुखाकडच्या विहिरी जानेवारीतही तुडुंब असतात, त्या याच पाझरावर. कागदावर ती गळती. विहिरीवाल्याच्या दृष्टीने ती फुकटची पाणीपट्टी.

वाफसा

कृषिशास्त्राच्या पुस्तकातली कितीतरी पाने ज्या कल्पनेच्या विवरणात खर्ची पडतात, तिला आपल्या शेतकऱ्याकडे एक शब्द आहे: वाफसा. मला हा शब्द फार अर्थपूर्ण वाटतो.

जमीन म्हणजे मातीच्या कणांची आणि त्यांच्यामधल्या पोकळ्यांची जाळी. भरपूर पाणी दिले की सगळ्या पोकळ्या पाण्याने भरतात, हवा बाहेर पडते आणि मुळे गुदमरतात. मुळांनाही श्वास घ्यावा लागतो, हे आपण विसरतो. एक-दोन दिवसांत, भारी जमिनीत आणखी उशिरा, मोठ्या पोकळ्यांतले पाणी खाली उतरते आणि तेथे हवा शिरते. बारीक पोकळ्यांत मात्र पाणी धरून राहते. हवा आणि ओल यांचा हा मेळ जमला की वाफसा आला. त्या वेळी जमिनीत जेवढे पाणी असते ती तिची जलधारणक्षमता. पुढे पीक ते पाणी शोषत जाते. शेवटी मातीचे कण उरलेले पाणी इतके घट्ट धरतात की मुळांना ते ओढून घेता येत नाही. सकाळीही पान टवटवीत होत नाही. हा मरणबिंदू. या दोन पातळ्यांमधले जे पाणी, तेवढेच पिकाच्या कामाचे. मातीत ओल दिसते म्हणून पिकाला पाणी आहे असे नव्हे, आणि जास्त पाणी दिले म्हणजे पिकाला जास्त मिळाले असेही नव्हे.

भारी काळ्या जमिनीत मीटरभर खोलीला सुमारे २० सेंटिमीटर उंचीचे उपलब्ध पाणी मावते. हलक्या मुरमाड जमिनीत त्याच्या निम्मेही नाही. गव्हाच्या मुळांचा मुख्य पसारा ६० सेंटिमीटर धरला तर काळ्या रानात १२ सेंटिमीटर पाण्याची कोठी झाली. ती पूर्ण रिकामी होऊ द्यायची नसते. निम्मी संपली, म्हणजे ६ सेंटिमीटर पाणी पिकाने उचलले, की पुन्हा भरायची. वाफ्यात पाणी देताना थोडेफार इकडेतिकडे होणारच, ते धरून एका पाळीला साडेसात सेंटिमीटर, म्हणजे सुमारे तीन इंच पाणी पुरे. त्याहून जास्त दिले तर ते मुळांच्या खाली निघून जाते. कोठीत बारा पोती मावत असतील तर विसावे पोते दारातच फुटणार.

आमच्याकडचे जाणते लोक वितभर खोलवरची मूठभर माती उचलून दाबतात. गोळा झाला आणि तो टाकल्यावर फुटला तर वाफसा आहे; गोळाच होत नसेल तर पाण्याची वेळ आली; बोटांना चिखल लागला तर थांबायचे. ओलावा मोजण्याची यंत्रे आता मिळतात, पण या मुठीने फारशी फसगत होत नाही.

सहा तासांचा हिशेब

आता माझ्या वहीतला एक हिशेब देतो. जानेवारीतल्या एका रात्री वितरिकेच्या मुखाजवळच्या एका शेतात, आमच्या लांबच्या नात्यातले एक वयोवृद्ध गृहस्थ गव्हात दारे धरीत होते. त्यांना आम्ही तात्या म्हणतो. त्यांची परवानगी घेऊन दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या शेतचारीतले पाणी मोजले. त्यासाठी कोणतेही उपकरण लागत नाही. चारीचा दहा मीटरचा सरळ तुकडा निवडला, दोन्ही टोकांना काटक्या रोवल्या आणि संत्र्याची साल सोडली. पाच वेळा सोडून सरासरी काढली, तर सालीला सरासरी २५ सेकंद लागले. म्हणजे पृष्ठभागावर पाण्याचा वेग सेकंदाला ०.४ मीटर. तळाशी आणि काठाशी पाणी सावकाश चालते, म्हणून त्याचा ०.८५ पट घ्यायचा: ०.३४ मीटर. चारीत पाण्याची रुंदी ६० सेंटिमीटर, खोली १५ सेंटिमीटर. गुणाकार केला की सेकंदाला साधारण ३० लिटर, एक क्युसेकपेक्षा किंचित अधिक. तासाला ११० घनमीटर.

तात्यांनी एक एकर गहू भिजवायला सहा तास घेतले होते. म्हणजे ६६० घनमीटर. एका एकरात ते पसरले तर उंची १६ सेंटिमीटरांच्या वर जाते. आपण वर पाहिले की साडेसात सेंटिमीटर पुरेसे होते, आणि तेवढ्याला पावणेतीन तास लागले असते. उरलेल्या सव्वातीन तासांत जे साडेतीन लाख लिटर पाणी मुळांच्या खाली गेले, त्यात शेपटीकडचा एक अख्खा एकर भिजून वर थोडे उरले असते.

हा आकडा घेऊन मी तात्यांकडे गेलो. खरे सांगायचे तर थोडा आवेशातच गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "बाळा, तुजा हिशेब बरोबर आसंल. पर पुढची पाळी कंदी यील ह्याचा नेम हाय का? पंचवीस दिसांनी म्हणत्यात, चाळीस दीस लागत्यात. आलंय तवर घ्यायचं. रानाच्या पोटात हाय तेवढंच आपलं."

"पण तात्या, जास्तीचं पाणी रानाच्या पोटात राहत नाही, खाली जातं."

"जातं, म्हाईत हाय मला. तुमच्याकडं पानी पोचत न्हाई त्ये बी म्हाईत हाय. पर माज्या गव्हाला फुलोऱ्यात पानी न्हाई घावलं, तर तू आनून देनार हैस का?"

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. त्यानंतर मी जितका विचार केला तितके मला तात्यांचे वागणे अडाणीपणाचे न वाटता, त्यांच्या जागी बसून पाहिले तर, शहाणपणाचेच वाटू लागले. पाणीपट्टी पिकावर आणि क्षेत्रावर आकारली जाते. तीन तास घेतले काय आणि सहा तास घेतले काय, पावती तेवढीच. अर्थशास्त्राच्या भाषेत जादा पाण्याचा सीमान्त खर्च शून्य. उलट पाळी चुकली तर नुकसान सबंध पिकाचे. अशा वेळी माणूस जास्त पाणी घेतो तो विमा म्हणून घेतो. तो विमा खोटा आहे, कारण कोठीत मावत नाही ते टिकत नाही. परंतु त्याच्या मुळाशी असलेली भीती खरी आहे. सभा-संमेलनांतून 'शेतकऱ्यांनी पाणी काटकसरीने वापरावे' असा उपदेश होतो. माझ्या मते आधी पाळीची तारीख पाळली जावी. नेमलेल्या दिवशी येणारे तीन इंच पाणी बेभरवशाच्या सहा इंचांपेक्षा पिकालाही भारी पडते आणि शेतकऱ्यालाही.

पिकाचे पंचांग आणि कालव्याचे पंचांग

तारखेला एवढे महत्त्व का, हे पिकाच्या वाढीवरून कळते. पिकाची तहान सगळे दिवस सारखी नसते. गहू पेरल्यापासून सुमारे एकविसाव्या दिवशी जमिनीलगत त्याला मुकुटमुळे फुटतात. ही मुळे पुढे सगळ्या रोपाचा भार वाहतात आणि त्यांच्याबरोबरच फुटवे येतात. या वेळी ओल नसेल तर पुढे कितीही पाणी दिले तरी फुटव्यांची उणीव भरून निघत नाही. दुसरी नाजूक वेळ फुलोऱ्याची, तिसरी दाणा भरण्याची. ज्वारीला पोटरीत आणि फुलोऱ्यात, हरभऱ्याला फुलोऱ्यात आणि घाटे भरताना पाण्याचा खरा उपयोग होतो. हरभऱ्याला अवेळी जास्त पाणी दिले तर तो नुसताच माजतो, आणि भारी रानात मूळ कुजून उभळतो. धरणात पाणी कमी असेल तर सर्व पाळ्या थोड्या-थोड्या तोकड्या करण्यापेक्षा कमी महत्त्वाची पाळी गाळून नाजूक वेळची पाळी राखणे शहाणपणाचे.

कालव्याचे पंचांग मात्र वेगळे चालते. आवर्तन कधी सोडायचे हे धरणातला साठा, पिण्याच्या पाण्याची मागणी आणि समितीची बैठक यांवर ठरते. आवर्तन सुटल्यावरही ते सगळ्या वितरिकेवर एका दिवसात फिरत नाही; दोन-तीन आठवडे लागतात. एकाचा गहू नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातला, दुसऱ्याचा डिसेंबरमधला, तिसऱ्याचा कांदा, चौथ्याचा ऊस. प्रत्येकाचा एकविसावा दिवस निराळा. एका आवर्तनाने या सगळ्यांची नाजूक वेळ साधणे कोणत्याही अभियंत्याला शक्य नाही. शेपटीला पहिले पाणीच उशिरा येते, म्हणून पेरणी उशिरा, म्हणून दाणा भरताना फेब्रुवारी-मार्चचे ऊन, म्हणून दाणा बारीक. आमच्याकडच्या गव्हाला बाजारात दोन पैसे कमी मिळतात ते बियाण्याच्या दोषाने नव्हे.

ज्या कालव्याने शेपटी कोरडी ठेवली

शेपटीच्या माणसाला वाटते की मुखाकडचा शेतकरी सुखात आहे. तसेही नाही. मुळांच्या खाली गेलेले जादा पाणी भूजलात मिसळते आणि भूजलाची पातळी वर्षावर्षाने चढते. ती मीटर-दीड मीटरपर्यंत वर आली की केशाकर्षणाने, दिव्याच्या वातीत तेल चढावे तसे, पाणी पृष्ठभागापर्यंत चढते आणि वाफ होऊन उडून जाते. वाफ होते ती पाण्याची. त्यातले क्षार मागे राहतात. गोड पाण्यातही थोडे क्षार असतातच. समजा एका लिटरमध्ये अवघे पाव ग्रॅम क्षार आहेत. उसाला हेक्टरी २५,००० घनमीटर पाणी दिले तर त्याबरोबर वर्षाला सव्वासहा टन क्षार त्या हेक्टरात येतात. निचरा चांगला असेल तर ते धुऊन जातात. नसेल तर साचतात. आधी रान उपळते, चिबड होते, मग पांढरी खारी फुटते, आणि सोडियम वाढला की माती चोपण होऊन पाणीच मुरेनासे होते.

हे नवे नाही. नीरा डावा कालवा १८७६-७७ च्या दुष्काळाच्या पाठोपाठ हाती घेतला गेला आणि १८८५ मध्ये सुरू झाला. बारामती-इंदापूरच्या कोरड्या भागाला दुष्काळापासून संरक्षण मिळावे हा त्याचा हेतू होता. पंचवीस वर्षे होतात न होतात तोच खोऱ्यातली जमीन खारावू लागली, आणि पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान व त्यांचे सहकारी ताम्हणे यांनी १९१० मध्ये नीरा खोऱ्यातील क्षारपड जमिनींवर स्वतंत्र पुस्तिका लिहिली. पिंपळे सौदागर गावाचा सामाजिक-आर्थिक अभ्यास करणारे म्हणून आपले समाजशास्त्राचे विद्यार्थी ज्यांना ओळखतात, तेच हे मान. आजही कालव्यांच्या मुखाकडे आणि नद्यांच्या काठी उत्तम काळी जमीन पांढरी पडलेली दिसते. आमच्या वितरिकेवर मी पाहिले की पहिल्या दोन मैलांतले काही तुकडे चिबड होऊन पडीक आहेत आणि शेवटच्या दोन मैलांतले काही पाण्यावाचून पडीक आहेत. कारण एकच, एकाच पाण्याने दोन्ही रानांचा घात केला.

पाळी बांधण्याचे मार्ग

यावर उपाय शोधणारे आपल्याकडे पूर्वीपासून होऊन गेले. महात्मा फुले यांनी 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात धरणाच्या पाण्याचा विचार करताना, जमिनीच्या मानाने शेतकऱ्याला तोटीतून मोजके पाणी मिळावे असा आग्रह धरला आहे. पाणी मोजून द्या, ही मागणी कोणा आधुनिक तज्ज्ञाची आहे असे मानणाऱ्यांनी ती पाने अवश्य पाहावीत. विसाव्या शतकाच्या आरंभी विश्वेश्वरय्यांनी मुंबई इलाख्यातील कालव्यांवर ब्लॉक पद्धती आणली. सहा वर्षांसाठी ठरावीक क्षेत्राला पाण्याची हमी द्यायची, त्यातल्या एक-तृतीयांशातच ऊस घ्यायचा, बाकीच्यात हलकी पिके, आणि दरवर्षी उसाची जागा फिरवायची. यात पाण्याची खात्री आणि जमिनीचे आरोग्य या दोहोंचा विचार होता. पुढे साखरेचे दिवस आले आणि उसाने एक-तृतीयांशाची वेस ओलांडली. १९७९ मध्ये वि. म. दांडेकर आदींच्या समितीने पावसाळा आणि रब्बी असे आठमाही पाणी देण्याचा विचार मांडला. त्यावर वाद पुष्कळ झाला, ऊस मात्र बारमाही राहिला.

शेजपाळी ही आपल्याकडची रूढ पद्धत. हंगामापूर्वी सात नंबरचा अर्ज भरायचा, मंजुरी झाली की यादी लागते आणि एकाच्या शेजारी दुसरा अशा क्रमाने पाळी फिरते. नियम असा की पाणी आधी शेपटीला द्यायचे आणि भिजवत भिजवत मुखाकडे यायचे. नियम उत्तम आहे. परंतु रात्री दोन वाजता मुखाकडच्या दाराशी पाटकरी नसतो, खोरे मात्र कोणाच्या तरी हातात असते.

मला सर्वांत शिकण्यासारखी वाटली ती धुळे-नाशिक भागातली, पांझरा, मोसम, आरम या नद्यांवरची फड पद्धती. ती तीनशे वर्षांहून जुनी आहे. नदीवर लहान बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार फड. एका फडात त्या वर्षी सर्वांनी एकच पीक घ्यायचे आणि दरवर्षी पिके फडांतून फिरवायची. बहुतेक शेतकऱ्यांची जमीन प्रत्येक फडात थोडी-थोडी असते. पाण्याची निगराणी गावाने नेमलेले हवालदार, पाटकरी आणि जागले करतात. पाणी कमी असेल त्या वर्षी भिजवायचे फड कमी करायचे. आता यातली खुबी पाहा. एका फडात एकच पीक, म्हणून पेरणी एका वेळी, म्हणून नाजूक वेळही एकच. पिकाचे पंचांग आणि पाटाचे पंचांग जुळून गेले. आणि सर्वांची जमीन सर्व फडांत, म्हणून मुख आणि शेपटी हा भेदच मोठ्या प्रमाणात मिटला. तात्यांची भीती ज्या व्यवस्थेत निर्माणच होत नाही, अशी ती व्यवस्था. आज बागायतीच्या ओढीने आणि विहिरींच्या वाढीने ती पुष्कळ ठिकाणी खिळखिळी झाली आहे.

मोठ्या कालव्यावर फड पाडता येणार नाहीत हे उघड आहे. तेथे पाणीवापर संस्थांचा मार्ग निघाला. नाशिक जिल्ह्यातील वाघाड प्रकल्पावर १९९० नंतर ओझरकडच्या, म्हणजे शेपटीच्याच, शेतकऱ्यांनी समाज परिवर्तन केंद्राच्या प्रेरणेने संस्था स्थापन केल्या, आणि पुढे त्या सबंध प्रकल्पावर पसरल्या. २००५ मध्ये शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा कायदा झाला. त्यानुसार संस्थेला पाण्याचा कोटा घनमापाने ठरवून मिळतो आणि मोजून घेतलेल्या पाण्याची पट्टी संस्था भरते. आत कोणते पीक घ्यावे आणि पाळी कशी फिरवावी ते सभासद ठरवतात. क्षेत्राऐवजी घनमीटरला पैसे पडू लागले की सहा तास आणि तीन तास यांत फरक पडतो. शिवाय कोटा आपला आहे हे ठाऊक असल्याने तो आजच उपसून रानात कोंबण्याची घाई उरत नाही. कायद्याने सगळीकडे हे घडले आहे असे नाही. कित्येक संस्था केवळ नोंदणीच्या कागदावर आहेत, आणि मोजणीची साधने बंद पडली की घनमापन पुन्हा अंदाजावर येते.

आमच्या वितरिकेवर दोन वर्षांपूर्वी अशी संस्था झाली. मुखाशी सिमेंटचा प्रवाहमापक बांधला आहे, त्याला पट्टी आहे, आणि पट्टीवरची उंची पाहून तक्त्यातला विसर्ग वाचता येतो. हे काम गेल्या हंगामात आमच्याच महाविद्यालयातले दोन विद्यार्थी करीत होते. सकाळ-संध्याकाळ आकडा घ्यायचा आणि ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहायचा. फळ्यावर आकडा येऊ लागल्यापासून शेपटीची माणसे मुखाकडच्यांना नुसत्या शिव्या न देता विशिष्ट प्रश्न विचारू लागली आहेत: बुधवारी आठ क्युसेक होते, शुक्रवारी तिसऱ्या दाराखाली पाचच कसे राहिले? रब्बीची पेरणी सर्वांनी शक्यतो एका पंधरवड्यात उरकावी असाही ठराव झाला, आणि गव्हापुरता तो बराचसा पाळला गेला. तात्यांनी त्या ठरावाला हात वर केला, पण बसताना शेजाऱ्याला म्हणाले की तारीख चुकली तर आपण आहोत आणि आपले खोरे आहे.

अडून राहिला आहे तो विहिरींचा प्रश्न. मुखाकडच्या तीस-चाळीस विहिरी वितरिकेच्या पाझरावर भरतात आणि त्यांवर उन्हाळ्यात ऊस उभा असतो. ते पाणी संस्थेच्या कोट्यातूनच झिरपलेले आहे, असे शेपटीचे म्हणणे. विहीर आम्ही कर्ज काढून खोदली आहे, असे त्यांचे. वितरिकेला अस्तर करावे तर पाझर थांबून पाणी आमच्यापर्यंत येईल, पण त्या विहिरी आटतील. आणि भूजल खाली गेले तर तेथली चिबड राने सुधारतील, तीही त्यांचीच आहेत. या तीनही गोष्टी एकदम खऱ्या आहेत. त्यावर गेल्या महिन्यात झालेली सभा रात्री अकरा वाजेपर्यंत चालली आणि अस्तराचा विषय पुढच्या सभेवर टाकण्यात आला.